चौथं हेड गॅस्केट टाकण्याआधी

पिंपळगाव बसवंतच्या एका ट्रकमालकाने विचारलं आहे: दहा चाकी गाडी, सहा सिलिंडरचं टर्बो डिझेल, जुन्या पद्धतीचा मेकॅनिकल डिझेल पंप, वेट लायनर (म्हणजे ब्लॉकमध्ये बसवलेली सिलिंडरची सुटी नळी, जिच्या बाहेरून पाणी फिरतं). चौदा महिन्यांत तीन वेळा हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि वरचं हेड यांच्या मधलं सील, गेलं. दोनदा कसारा घाट चढताना, एकदा चांदवडच्या राहुड घाटात. तिन्ही वेळा जळालेली जागा चौथ्या सिलिंडरची, पाचव्याच्या बाजूला. दर वेळी हेड फेस करून, म्हणजे मशीनवर खालचा पृष्ठभाग सपाट करून, आणलं आणि नवं गॅस्केट टाकलं. ऑइलमध्ये पाणी नाही. ड्रायव्हर सांगतो की काटा कधी लाल पट्टीत गेला नाही, तरी गाडी पाणी फेकते. पहिल्या वेळीच थर्मोस्टॅट काढून टाकला आहे. मिस्त्री म्हणतो, माल डुप्लिकेट येतोय. तर चौथं गॅस्केट कोणत्या कंपनीचं टाकू?

भाऊ, कंपनीचं शेवटी सांगतो. आत्ता नवं गॅस्केट विकत घेऊ नका. तुम्ही लिहिलेल्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते एवढंच, की तिन्ही वेळा जागा तीच. डुप्लिकेट माल असता तर एकदा दुसऱ्या सिलिंडरला, एकदा सहाव्याला, असं कुठेही गेलं असतं. तीन वेगवेगळी गॅस्केटं एकाच जागी जळतात तेव्हा त्या जागेला खालून काहीतरी कमी पडत असतं. तीनही वेळा हेड वर्कशॉपला गेलं, म्हणजे वरची बाजू तीनदा सरळ झाली. खालच्या बाजूला, म्हणजे ब्लॉकला आणि लायनरला, एकदाही डायल गेज, म्हणजे बारीक उंची मोजायचं काट्याचं यंत्र, लागलेला दिसत नाही. माझा संशय तिथे आहे.

आडगाव नाक्यावर मी तीस वर्षं डिझेल इंजिनं उघडतोय. गॅस्केटवर किती ताकद येते हे बहुतेक मालकांना कोणी सांगितलेलंच नसतं, म्हणून आधी तो हिशोब. दहा सेंटीमीटर बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, धरा. वरचं क्षेत्रफळ होतं साधारण ७८ चौरस सेंटीमीटर. भरती गाडी घाटात ओढते तेव्हा टर्बो डिझेलच्या सिलिंडरमध्ये दर चौरस सेंटीमीटरला १४० किलोच्या आसपास दाब सहज जातो. गुणाकार केला तर एका सिलिंडरमध्ये दर फायरिंगला हेड अकरा टनांनी वर उचललं जातं. रिकामी गाडी सपाट रस्त्याने चालवताना हा दाब खूपच कमी असतो. म्हणून तुमची गाडी नाशिक-पिंपळगाव आठवडाभर तक्रार न करता फिरते आणि मुंबईकडून भरती घेऊन कसारा चढताना पाणी फेकते. त्याच घाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे आणि आगगाडीला मागून ढकलायला बँकर इंजिनं जोडावी लागतात. आपल्या ट्रकचं एकटं इंजिन तासभर खालच्या गिअरमध्ये, कमी वेगात, म्हणजे रेडिएटरला वारा कमी असताना, तो भार ओढतं. गॅस्केटची खरी परीक्षा तिथेच होते.

आता मोजमापाकडे जाण्याआधी एक खात्री करून घ्या. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले म्हणजे हेड गॅस्केटच गेलं, असं धरून इंजिन उघडू नका. ट्रकचा एअर कॉम्प्रेसर इंजिनाच्याच पाण्याने थंड होतो. त्याच्या छोट्या हेडचं गॅस्केट गेलं किंवा ते हेड तडकलं, तर ब्रेकची हवा पाण्यात शिरते आणि लक्षणं हुबेहूब हेड गॅस्केटची दिसतात. या एका गोष्टीमुळे धडधाकट हेड खाली उतरवलेली मी पाहिली आहेत. तपासायचं असं: गार इंजिन, रेडिएटर काठोकाठ भरा, कॅप काढून ठेवा, गाडी चालू करा. ब्रेक दाबून दाबून टाकीतली हवा कमी करा, म्हणजे कॉम्प्रेसर भरायला लागेल. बुडबुडे बघत राहा. हवा पूर्ण भरून ‘फुस्स’ आवाज आला, कॉम्प्रेसर सुटला आणि त्याच क्षणी बुडबुडे थांबले, तर दोष कॉम्प्रेसरचा. हवेशी काही संबंध न ठेवता येतच राहिले आणि ॲक्सिलरेटरबरोबर वाढले, तर दोष हेडकडे.

दुसरी साधी तपासणी सकाळची. रात्रभर उभ्या गाडीची कॅप एकदा उघडून लावा, चालू करा आणि वरच्या होजला हात लावून उभे राहा. पाणी कोमटही झालेलं नसताना दोन मिनिटांत होज दगडासारखा कडक झाला, तर तो वाफेचा दाब नाही, सिलिंडरमधला गॅस आहे. कोणत्या सिलिंडरचा, हे तुमच्या जुन्या पंपाच्या इंजिनावर एकेका नोझलची पाइप-नट ढिली करून कळतं. ज्या सिलिंडरचं डिझेल तोडल्यावर बुडबुडे मंदावतात तो तुमचा माणूस. पण हे फक्त मेकॅनिकल पंपावर. कॉमन रेलच्या गाडीवर चालू इंजिनात पाइप ढिली करू नका. तिथला दाब हजार बारच्या वर असतो, डिझेलची धार कातडी फोडून आत जाते. नव्या गाड्यांमध्ये आणखी एक जागा असते, ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत घ्यायचा धूर पाण्याने थंड करणारा भाग. तो आतून फुटला तरी गॅस पाण्यात येतो. तुमच्या गाडीला तो नाही, म्हणून पुढे जातो.

जुनी तीन गॅस्केटं ठेवली आहेत का? निदान शेवटचं तरी भंगारात गेलेलं नसू दे. हेड उतरवलं की माझ्याकडे पहिलं काम असतं ते गॅस्केट टेबलावर पसरून उजेडात बघायचं, धुवायचं नाही. प्रत्येक सिलिंडरभोवतीच्या लोखंडी कड्यावर, म्हणजे फायर रिंगवर, लायनरच्या कॉलरचा, म्हणजे वरच्या कडेचा, ठसा उमटलेला असतो. सहाही ठसे सारखे खोल हवेत. तीन आणि पाचचा ठसा ठळक, चारचा पुसट आणि चारच्या एका बाजूला काजळीचा काळा पट्टा पाण्याच्या भोकापर्यंत गेलेला असला, तर चौथा लायनर शेजाऱ्यांपेक्षा खाली बसलाय. तिथे दाबच नीट पोचलेला नाही. काजळीऐवजी पाण्याच्या भोकांभोवती गंज आणि फुगलेला थर दिसला, तर कूलंटची काळजी घेतलेली नाही. फायर रिंग चेपून पसरलेली किंवा आतून फाटलेली दिसली, तर सिलिंडरमध्ये दाबच गरजेपेक्षा जास्त होतोय. तेव्हा पंप आणि टायमिंगकडे बघावं लागतं. ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींवर उपाय वेगळा.

लायनरच्या उंचीबद्दल जरा थांबून सांगतो, कारण मी स्वतः इथेच चुकलो होतो. वीसेक वर्षांपूर्वी लासलगावच्या कांद्याची एक गाडी माझ्याकडे आली. गॅस्केट टाकून दिलं, दीड महिन्याने परत आली. पुन्हा टाकलं, पुन्हा आली. मालकाचा हंगाम चालला होता, गाडी माझ्या दारात उभी होती आणि त्याचा माल दुसऱ्याच्या गाडीने वाशीला चालला होता. मला रात्री झोप लागेना. शेवटी माझ्या उस्तादांना बोलावलं. त्यांनी कोणतंही हत्यार न मागता ब्लॉकवर नख फिरवलं. पाच लायनरांच्या कॉलरला नख अडलं, एकाला अडलं नाही. नंतर डायल गेज लावला तेव्हा तो लायनर ब्लॉकच्या पातळीच्या किंचित खालीच निघाला. दोन्ही वेळा मी पैसे घेतले होते ते परत केले. तेव्हापासून डायल गेज लावल्याशिवाय माझ्या गॅरेजमध्ये एकही हेड बसलेलं नाही.

वेट लायनरची कॉलर ब्लॉकच्या वर थोडी उठलेली ठेवतात ती मुद्दाम. हेड आवळलं की सगळा दाब आधी त्या कॉलरवर येतो आणि फायर रिंग तिथे चिमटली जाते. बऱ्याच इंजिनांत ही उंची मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायची असते, पाच-दहा भागांच्या आसपास. डोक्याचा केस त्याच मापाचा असतो. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा त्याच्या मॅन्युअलमधूनच घ्यायचा, माझ्या किंवा कोणाच्या तोंडून नाही. आणि एका लायनरची उंची बरोबर असून भागत नाही. शेजारच्या लायनरशी फरक किती, हेही मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. चार नंबर खाली आणि पाच नंबर वर असला तर हेड पाचच्या कॉलरवर टेकतं आणि चारला पोचतच नाही. तुमच्या वर्णनातली ‘पाचव्याच्या बाजूला’ ही नोंद मला म्हणूनच फार मोलाची वाटते.

मोजताना लायनर नुसता ठेवून मोजू नका. जुने बोल्ट आणि जाड वॉशर घेऊन प्रत्येक लायनर खाली दाबून धरा, नाहीतर खालच्या ओ-रिंगा त्याला वर ढकलून खोटं माप दाखवतात. ब्लॉक आणि कॉलर दोन्ही आरशासारखी साफ हवीत. घड्याळाच्या बारा, तीन, सहा आणि नऊ अशा चार जागी माप घ्या आणि सहाही लायनरांचे चोवीस आकडे कागदावर लिहा. हा कागद मिस्त्रीकडून मागून घ्या. तो नाही म्हणाला तर त्याच्याकडे हे काम देऊ नका.

चौथा खाली निघाला तर कारण बहुतेक वेळा कॉलर ज्या खाचेत बसते ती खाच. वर्षानुवर्षं लायनर हलून ती झिजते, गंजते, किंवा मागच्या ओव्हरहॉलला तिच्यात कार्बनचा कण राहून ती एका बाजूला खचते. नवा लायनर टाकून हे सुटत नाही. खाच सारखी कापून घ्यावी लागते आणि कापलेल्या मापाचा शिम, म्हणजे पातळ पत्र्याची रिंग, खाली द्यावा लागतो. त्यासाठी ब्लॉकवरच बसवायचं कटर मिळतं, पूर्ण ब्लॉक चेसिसवरून उतरवायची गरज पडत नाही. नाशिकमध्ये हे काम करणारी इंजिन मशीनिंगची वर्कशॉपं आहेत. फक्त तिथे ‘लायनर बसवून द्या’ असं न सांगता ‘खाच कापून सहाही लायनरांची उंची सारखी करून द्या’ असं स्पष्ट सांगा. दोन पातळ शिम एकावर एक ठेवू देऊ नका, एकच योग्य जाडीचा हवा. आणि त्याच वेळी चार आणि पाचच्या मधली ब्लॉकची पट्टी नखाने तपासा. तीनदा तिथून गॅस धावलाय. गॅसने लोखंडात बारीक नाली कोरली असेल, तर कोणतंही गॅस्केट ती भरून काढणार नाही. मग ब्लॉकचं सरफेसिंग आलंच.

हेडबद्दल मला वेगळीच काळजी आहे. तीन वेळा फेस झालंय, म्हणजे तीन वेळा त्याची जाडी कमी झाली. प्रत्येक हेडला किमान जाडी ठरलेली असते. त्याखाली गेलं तर ते लवचीक होतं, बोल्टांच्या मध्ये वाकतं. व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात, नोझलचं टोक जास्त बाहेर येतं आणि डिझेल चुकीच्या जागी मारलं जातं. तेव्हा आधी व्हर्नियरने जाडी मोजा, व्हॉल्व्ह किती आत बसलेत ते मोजा आणि प्लेट बांधून गरम पाण्यात हवेचा दाब देऊन हेड तपासून घ्या. दोन व्हॉल्व्हसीटच्या मधली तडा गार हेडमध्ये दिसत नाही, गरम झाल्यावर उघडते. जाडी गेली असेल तर हेड बदला. तिथे पैसे वाचवू नका, ते घाटात दुप्पट जातात. आणि गॅस्केट खरवडायला ग्राइंडरवर एमरीची चकती लावू देऊ नका. एका मिनिटात ती अशी वाटी पाडते की फूटपट्टीला दिसते.

बोल्ट. तीन वेळा तेच जुने बोल्ट वापरले असणार, तुम्ही लिहिलं नाहीत पण मला तसं वाटतं. टॉर्क पान्यावर लावलेल्या ताकदीतली साधारण निम्मी बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जाते, चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात जाते आणि बोल्ट ताणायला उरते जेमतेम दहा टक्के. हेड धरून ठेवतो तो बोल्टचा ताण. आट्यांना गंज किंवा जुना सीलंट चिकटलेला असला की पाना तर बरोबर आकड्यावर ‘टक्’ करतो, पण त्या दहातले चार-पाच टक्के घर्षण गिळून टाकतं. त्या बोल्टखाली गॅस्केट ढिलंच राहतं. बोल्टच्या भोकात पाणी किंवा ऑइल साचून राहिलं तर आणखी वाईट: बोल्ट खाली बसतच नाही, पान्याला वाटतं आवळला, आणि जास्त जोर लावला तर ब्लॉक तडकतो. म्हणून प्रत्येक भोक हवेने कोरडं करा, आटे साफ करायला चेसर फिरवा, कापणारा टॅप नको. बोल्टची लांबी मॅन्युअलच्या मर्यादेशी ताडून बघा. ज्या इंजिनाला टॉर्कनंतर अंशाने फिरवायला सांगितलंय तिथे बोल्ट एकदाच वापरायचे असतील तर ते नवेच घ्या. ऑइल लावायचं की कोरडे ठेवायचे, हेही मॅन्युअल सांगतं, त्यात अंदाज चालत नाही. मधून बाहेर, दिलेल्या क्रमाने, दिलेल्या टप्प्यांत आवळा. दांड्यावर पाइप चढवून ‘बस झालं’ म्हणणारा हात कितीही कसलेला असला तरी इथे नको.

आता ड्रायव्हरचं म्हणणं. तो खोटं बोलत नाही. गॅसने पाणी बाहेर फेकलं की हेडमधल्या तापमानाच्या सेन्सरभोवती पाणीच उरत नाही. सेन्सर हवेत लटकतो आणि काटा उलट खाली येतो. त्यामुळे ‘काटा चढला नाही’ म्हणजे ‘इंजिन तापलं नाही’ असं नाही. घाटात चढाला लागलेली गाडी असताना काटा एकाएकी खाली आला तर तो धोक्याचा इशारा आहे. बाजूला घ्या, हे त्याला नक्की सांगा. आणि उकळत्या रेडिएटरची कॅप उघडायची नाही, गार पाणी ओतायचं नाही. गरम लोखंडावर गार पाणी पडलं की हेड तडकतं आणि उघड्या कॅपने माणूस भाजतो.

थर्मोस्टॅट परत बसवा. तो काढल्याने इंजिन थंड राहतं ही समजूत इतकी पसरली आहे की मला दर महिन्याला कोणाला तरी हे समजवावं लागतं. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की बायपासची वाट बंद करतो आणि सगळं पाणी रेडिएटरमध्ये जातं. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो. थोडं पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरत राहतं. सपाटीवर गाडी गरजेपेक्षा गार चालते, लायनर लवकर झिजतो आणि घाटात, जिथे गरज असते तिथे, तीच गाडी तापते.

रेडिएटरची कॅप ही स्वस्तातली वस्तू, पण नाशिकच्या उंचीवर, समुद्रसपाटीपासून जवळजवळ सहाशे मीटरवर, साधं पाणी ९८ अंशांना उकळतं. सात पौंड दाबाची चांगली कॅप ते ११० पर्यंत नेते. कॅपचं रबर कडक झालं की हे बारा अंश गेले. शिवाय तुमच्या भागाची एक खास अडचण आहे: कांद्याची टरफलं. इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारी जाळी) आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत ती भरून बसतात. समोरून जाळी स्वच्छ दिसते, मध्ये गादी झालेली असते. दोन्ही सुटे करून मागच्या बाजूने कमी दाबाच्या पाण्याने धुवा, वॉशिंगच्या जोरदार धारेने फिन्स आडव्या होतात. पाणी बोअरचं घालू नका. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातलं पाणी जड असतं, लायनरच्या बाहेर पांढरा थर धरतं आणि त्या थराखाली लोखंड तापत राहतं. इंजिन कंपनीने सांगितलेलं कूलंट शुद्ध पाण्यात योग्य प्रमाणात घाला. निफाडकडे थंडीत पारा फार खाली जातो, तिथेही तेच उपयोगी पडतं.

पंपाचं विचारून घ्या, कदाचित तुम्हालाही माहीत नसेल. कोणी ‘घाटात ओढत नाही’ म्हणून पंप वाढवून दिलाय का? पंपाचं सील तुटलेलं आहे का? चढाला काळा धूर येतो का? जास्त डिझेल आणि टायमिंग पुढे घेतलेलं असलं तर वर सांगितलेले अकरा टन बारा-तेरा होतात, आणि कमकुवत असलेला चौथाच पहिला जातो. पंप कॅलिब्रेट करून, सहाही नोझल टेस्ट बेंचवर तपासून, टायमिंग मूळ खुणेवर आणा. चौथ्याचा नोझल गळका निघाला तर मला नवल वाटणार नाही.

सगळं एकदम करावं लागेल असं नाही. आधी कॉम्प्रेसर आणि बुडबुड्यांची तपासणी, त्याला खर्च नाही. मग हेड उतरवलं की लायनरची चोवीस मापं, हेडची जाडी, हेडचा प्रेशर टेस्ट. या तीन गोष्टी हातात आल्याशिवाय कोणताही सुटा भाग विकत घेऊ नका. गाडी उभी राहते ते दिवस मलाही कळतात, पिंपळगावचा लिलाव चालू असताना तर जास्तच. पण चौदा महिन्यांत तुमचे तीन वेळा दिवस गेलेच आहेत.

आणि कंपनीचं. गॅस्केट इंजिन कंपनीच्या अधिकृत डीलरकडून, इंजिन नंबर सांगून घ्या. काही इंजिनांत एकाच गॅस्केटच्या दोन-तीन जाड्या येतात आणि कोणती लागेल हे पिस्टन ब्लॉकच्या किती वर येतो त्यावर ठरतं. कडेला खाचा किंवा भोकं असतात, ती जाडीची खूण. तुमच्या ब्लॉकचं सरफेसिंग झालं तर जुन्याच खाचांचं गॅस्केट चालेलच असं नाही, पिस्टनचं माप पुन्हा घ्यावं लागेल. ते माप आणि चोवीस आकड्यांचा कागद घेऊन डीलरच्या काउंटरवर जा.